आमचे फेलो भाचेबुवा

ताईचा अकोल्याहून फोन आला तेव्हा तिचा आवाज रडका होता. "पोरानं पुण्याची नोकरी सोडली," ती म्हणाली, "आता तो फेलो झाला."

फोन स्पीकरवर होता आणि आमची आई शेजारीच लसूण सोलत बसली होती. तिला ऐकू कमी येतं, पण नेमकं नको ते ऐकू येतं. "फेल झाला? बाप्पा! एवढा हुशार पोट्टा, फेल कसा झाला?"

मी तिला समजावून सांगितलं, की फेलो म्हणजे नापास नव्हे. चांगल्या शिकलेल्या मुलांना एखादी संस्था दोन वर्षं थोडे पैसे देते आणि खेड्यापाड्यात काम करायला पाठवते. पगार पुण्याच्या तिसऱ्या हिश्शानं, काम तिप्पट. आईनं ऐकून घेतलं आणि पुढची पाकळी उचलली. "मंग फेलच झाला ना."

नेमणुकीच्या पत्रावर हुद्दा होता 'हवामान शिक्षण व अधिवास पुनरुज्जीवन फेलो'. हे पत्र आमच्या सौभाग्यवतींनी मोठ्यानं वाचलं आणि त्यातल्या एकाच शब्दापाशी त्या थांबल्या. अधिवास. पत्रातला अधिवास म्हणजे तणमोरासारख्या माळावरच्या पक्ष्यांचं राहायचं ठिकाण, पण आमच्याकडे अधिवास म्हटलं की तहसील, सेतू केंद्र आणि दोन फोटो. आठ दिवसांत गल्लीत बातमी पसरली, की मास्तरांचा भाचा डोमिसाइल काढून देते. समोरच्या काकू मुलाची कागदपत्रं घेऊन आल्यासुद्धा. भाचेबुवांनी त्यांना पाणी दिलं आणि गंभीरपणे सांगितलं, "काकू, मी सध्या तणमोराचा अधिवास करतो आहे." काकू म्हणाल्या, "त्याचं झालं की आमचं घेजो."

त्याच्या संस्थेचं ऑफिस अमरावतीत, काम बार्शीटाकळीकडच्या माळावर आणि अधूनमधून मेळघाटात. त्यामुळे मुक्काम मामाकडे, माडीवरच्या खोलीत. वऱ्हाडात भाच्याचा मान मोठा. वयानं कितीही लहान असो, मामानं त्याच्या पाया पडायचं. दिवाळी नुकती झाली होती आणि हा माळावरून थेट घरी आला. मी रीतीप्रमाणे वाकलो, त्याच्या पायाला हात लावला आणि "अगं माय!" करून ओरडलो. पँटच्या काठाला, मोज्यांना, बुटाच्या नाड्यांना सगळीकडे कुसळं. माझ्या तळहातात चार रुतली. भाचेबुवांनी माझा हात धरला. मला वाटलं आता फुंकर घालतो. त्यानं खिशातून कागदी पाकीट काढलं, कुसळं एकेक करून उपटली, पाकिटात टाकली आणि वर तारीख लिहिली.

एव्हाना या जातीचे फेलो मी बरेच पाहिले आहेत. महिन्यातून एकदा ते आमच्या गच्चीवर जमतात. ओळख पटायला वेळ लागत नाही. हातात स्टीलची पोचे आलेली बाटली, डोक्याला आपला वऱ्हाडी दुपट्टा, पण आपल्यापेक्षा जास्त घट्ट बांधलेला. खुर्ची रिकामी असली तरी खाली बसतात. चहाच्या टपरीवर कागदी कप नाकारून स्वतःचा पेला पुढे करतात आणि टपरीवाल्याला दोन मिनिटं समजावतात. तेवढ्यात मागची रांग त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहते ती त्यांना दिसत नाही. त्यांच्या मोबाइलमध्ये आईचा एक फोटो असतो आणि शेणाचे, पावलांच्या ठशांचे, गवताच्या तुऱ्यांचे चार हजार. प्रत्येक गोष्टीचं त्यांना 'लर्निंग' होतं. गाडी पंक्चर झाली, लर्निंग. सरपंच भेटले नाहीत, लर्निंग. बैठक संपली की सगळे गोल बसतात आणि प्रत्येकानं 'आत्ता मनात काय आहे' ते एका शब्दात सांगायचं असतं. कोणी म्हणालं 'कृतज्ञता', कोणी म्हणालं 'अस्वस्थ', एक मुलगी नुसतं 'माती' म्हणाली. आई त्या गोलात हौसेनं जाऊन बसली होती. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "भूक." त्या दिवसापासून ही पोरं आईला फार मानतात.

भाचेबुवांचा आवडता प्रश्न एकच. "हे लोकल आहे का?" कोणत्याही झाडासमोर उभे राहून ते हा प्रश्न विचारतात. तेव्हा मला समोरच्या काकूंचं बरोबर होतं असं वाटतं. हा माणूस झाडांचं डोमिसाइलच तपासतो. आमच्या कॉलनीत एकही झाड पास झालं नाही. गुलमोहर मादागास्करचा. निलगिरी ऑस्ट्रेलियाची. सुबाभूळ तिकडची मेक्सिकोची. कुंपणाची रायमुनिया तर दक्षिण अमेरिकेतून आलेली आणि आता मेळघाटभर पसरलेली. तिचं नाव घेताना त्याचा आवाजच बदलतो. ताईला तिच्या नणंदेबद्दल बोलताना ऐकलंय, तसा. एकदा जेवताना हे प्रवचन चालू होतं आणि सौभाग्यवतींनी ताटात ठेचा वाढला. "मिरची कुठली हो, भाचेबुवा?" मिरची पोर्तुगीजांनी आणलेली, मूळची अमेरिकेची. भाचेबुवा ठेच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काही काही स्थायिक झालेत, मामी." आणि दुसऱ्यांदा वाढून घेतला.

आता माझी एक गोष्ट सांगतो. मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. राज्यानं २०१६ च्या जुलैत २ कोटी झाडं लावायची ठरवली, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी. चारही वर्षं आमच्या शाळेनं आपला वाटा उचलला. शाळेच्या मैदानाच्या उत्तरेला एक फार चांगला खड्डा होता. फोटोत मागे शाळेचं नाव बरोब्बर यायचं. भाचेबुवांनी एकदा माझा अल्बम पाहिला. चार वर्षं, चार पाहुणे, चार रोपं. त्यानं फोटो जवळ घेतले, लांब धरले. "मामा, खड्डा एकच दिसतो."

"जागा चांगली होती."

"जगली किती?"

मी त्याला विचारलं, चहा घेतोस का?

भाचेबुवांसारख्या माणसानं आयुष्यभर झाडं लावली असतील असं कोणालाही वाटेल. पण हा वृक्षारोपण थांबवत फिरतो. महाराष्ट्रात कोणी झाड तोडायला विरोध केला तर पेपरात फोटो येतो. झाड लावायला विरोध केला तर लोक आधी तब्येतीची चौकशी करतात. त्याचं म्हणणं असं, की आपल्या गावांच्या ई-क्लास जमिनी, ढोरं चरायचे ते माळ, सरकारदरबारी पडीक म्हणून लिहिलेले आहेत. तिथं पवन्या, मारवेल, कुसळी असं गवत असतं. त्यात तितर, ससे, लांडगे, काळवीट आणि पावसाळ्यात तणमोर. आपण तिथं जाऊन खड्डे खणतो आणि मैलभर रोपं लावून मोकळे होतो. "मामा, उद्या कोणी तुमच्या बैठकीच्या खोलीत देऊळ बांधलं तर? काम पुण्याचंच. पण तुम्ही कुठं जाल?" मी म्हटलं, माडीवर, तुझ्या खोलीत. पण रात्री झोपताना ते देऊळ माझ्या डोक्यातून जाईना.

हे शहाणपण तो पुण्याहून घेऊन आलेला नव्हता, हे मात्र त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. पुण्याहून त्यानं तीनशे रोपं आणि ठिबकचा एक नकाशा आणला होता. पहिला प्रयोग दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात झाला. पूर्णेच्या खोऱ्यातला तो पट्टा असा, की विहिरीला पाणी लागतं आणि तोंडात घेता येत नाही. ज्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर रोपं लावली त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं, "भाऊ, इथं बाभूळ न कडूनिंब घरचे. बाकी सारे पाहुणे." पाहुणे एप्रिलपर्यंत राहिले. मग बार्शीटाकळीकडच्या माळावर एका म्हाताऱ्या फासेपारधी बाबांनी त्याची दुसरी परीक्षा घेतली. यानं पुस्तकात पाहून एका गवताचं लॅटिन नाव सांगितलं. बाबांनी काडी तोडली, चावली, थुंकले आणि गवताचं नाव, ते ढोर कधी खातं, त्यात कोणता पक्षी अंडी घालतो आणि कोणत्या नक्षत्रात, एवढं सगळं सांगून टाकलं. त्या भागात 'संवेदना' संस्था फासेपारध्यांनाच सोबत घेऊन माळ राखायचं काम कितीतरी वर्षं करते आहे. भाचेबुवांनी रोपांचा नकाशा गुंडाळून आमच्या कपाटामागे ठेवला. अजून तिथंच आहे.

शिक्षणाचा भाग निराळा. तो ऐकायला मला विशेष आवडतो, कारण तिथं मी तज्ज्ञ आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ सालीच सांगितलं होतं, की पर्यावरण हा विषय मुलांना शिकवलाच पाहिजे. तो आला आणि त्याच्याबरोबर प्रकल्पवही आली. जलप्रदूषणाचा एक प्रकल्प माझ्या डोळ्यांदेखत अकरा वर्षं हातोहात फिरला. शेवटच्या मुलानं मुखपृष्ठ बदललं, पण आतल्या आभारात सहाव्या वर्षीच्या मुलाचे वडील तसेच राहिले. हे मी भाचेबुवांना सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आम्ही वेगळं करणार." आणि प्रोजेक्टर घेऊन मेळघाटात गेला.

पहिलं चित्र बर्फावरच्या पांढऱ्या अस्वलाचं. जगातल्या प्रत्येक हवामान फेलोकडे हे अस्वल असतंच. समोर कोरकू मुलं. त्यांच्या घरची माणसं पहाटे मोहफुलं वेचायला जातात आणि अस्वल आसपास नाही ना, हे आधी पाहतात. ती चित्र बघून एकदम गप्प झाली. भाचेबुवांना वाटलं, परिणाम झाला. मग एकानं हात वर केला. "सर, हे म्हातारं झालं काय? केस पिकले त्याचे."

दीड अंशाचं असंच. ग्रामसभेत यानं सांगितलं, जगाचं तापमान दीड अंशानं वाढलं तर मोठं संकट आहे. अकोला जिल्ह्यातलं गाव, मे महिन्याच्या तोंडावरची दुपार. मागून आवाज आला, "दीडच? एवढं तं आमचं चहा पेता पेता वाढते." त्यावर हसू फुटलं, पण भाचा तिथंच बसला आणि त्यांना विचारत गेला, की पऱ्हाटीला पाणी पूर्वी कधी लागायचं, पाऊस किती दिवस ओढ देतो, रात्री अंगणात झोप कधीपासून येत नाही. दोन तास लोकच बोलत राहिले. गाडगेबाबा आमच्याच अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. ते आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनात समोरच्यालाच प्रश्न विचारायचे. हे मी आयुष्यभर भाषणात सांगितलं. पोरानं ते न सांगता केलं, आणि मला जरा राग आला.

२०२४ च्या मे महिन्यात त्याची अकोल्यात उष्णतेवर कार्यशाळा होती. पारा पंचेचाळिशीच्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी उष्णतेपायी चक्क कलम १४४ लावलं. कार्यशाळा रद्द झाली. उन्हाची कार्यशाळा उन्हानं घेऊन टाकली. भाचा तीन दिवस ताईच्या घरात कूलरसमोर बसून होता आणि ताई पंधरा मिनिटांनी एकदा पन्हं घेऊन येत होती. त्या तीन दिवसांत ताईनं सगळे पक्षी पाठ केले. आता ती ते त्याच्याविरुद्ध वापरते.

कारण ताईचं खरं दुःख हवामानाचं नाही. मुलीकडचे विचारतात, "मुलगा काय करते?" आणि ताईला सांगावं लागतं, "गवत लावते." एकदा तिनं 'पर्यावरण अधिकारी' सांगून पाहिलं, तर त्यांनी विचारलं, वरकमाई किती. मागे भाचा तिला रान पिंगळ्याची गोष्ट सांगत होता. १८८४ नंतर हा पक्षी कोणाला दिसला नाही, संपला असं सगळे धरून चालले आणि १९९७ साली पॅमेला रासमुसेन या पक्षीतज्ज्ञ बाईंना तो शहाद्याजवळ सापडला. मेळघाटातही तो आहे. भाच्याचे डोळे चमकत होते. ताई म्हणाली, "पिंगळ्याले एकशे तेरा वर्षं लागले. तुले किती लागतीन?" तणमोराचंही तेच. पावसाळ्यात नर गवतातून उंच उड्या मारतो, दिवसातून शेकडो वेळा, मादीला दिसावं म्हणून. "थो उड्या तरी मारते," ताई म्हणते, "हा तं गवतात बसून राह्यते."

त्याच्या गाडीवर मागे बसणं ही शिक्षा आहे. पंचवीस किलोमीटरला तो सहा वेळा थांबतो. मला पायविहिरीला नेतो म्हणाला. परतवाड्याजवळचं हे गाव. वनहक्क कायद्यानं सामूहिक हक्क मिळवून लोकांनी आपलं उजाड रान राखलं, 'खोज' संस्थेची साथ होती, आणि २०१४ साली त्यांना जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथली सीताफळं नावाजलेली म्हणून मी पिशवी घेऊन निघालो. वाटेत त्यानं मला तीन बांध, एक वाळवीचं वारूळ आणि कोणाची तरी विष्ठा दाखवली. पोचेपर्यंत सांज झाली. रिकामी पिशवी घेऊन मी घरी आलो. सौभाग्यवतींना सांगितलं, लर्निंग झालं.

अकोला रस्त्यावर मात्र तो थांबत नाही. २०२२ साली ३ ते ७ जूनला लोणी ते मानापर्यंत एकेरी पट्ट्यानं मोजलेलं ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकलं, गिनीज बुकात नाव आलं. आमची छाती फुगली होती. भाचा म्हणाला, "पाच जून मधेच येतो, मामा. पर्यावरण दिन." मी म्हटलं, अरे, रस्ता गुळगुळीत आहे, गप चाल. थोडं पुढे गेल्यावर तो हेल्मेटमधून म्हणाला, "गवताला तीन वर्षं लागतात."

मार्चअखेरीला तो माणसात नसतो. अहवाल. किती शाळा, किती विद्यार्थी, किती हेक्टर आणि शेवटी एक रकाना, 'प्रभाव'. मी सरकारी रकाने भरण्यात हयात घालवलेली, म्हटलं दे इकडं. पण तो ऐकत नाही. एका जिल्हा परिषद शाळेत त्याचा प्रोजेक्टर लाईट गेल्यामुळे बंद पडला होता. करायला काही नाही म्हणून यानं मोज्यातलं एक कुसळ काढलं, टेबलावर ठेवलं आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडला. कुसळाची शेपटी वाळली की पीळ घेते आणि ओली झाली की पीळ सोडते. त्या फिरण्यानं टोकाचं बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. ते टेबलावर गरगर फिरायला लागलं आणि पोरं बाकांवर चढली. दुसऱ्या आठवड्यात एका मुलीनं घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांतली कुसळं काढून फुटक्या माठात पेरली होती. 'प्रभाव'च्या रकान्यात यानं लिहिलं, १. वरून फोन आला की शून्य राहिले का बघा. हा म्हणाला, नाही, एकच.

गेल्या रविवारी अकोल्याला मुलीकडचे येऊन गेले. मूर्तिजापूरकडचे शेतकरी. कांदेपोहे झाले, तर्री आली. मुलीच्या वडिलांनी ठरलेला प्रश्न विचारला. ताईनं डोळे मिटले. भाचा म्हणाला, "गवत लावतो."

"किती एकरात?"

ताईनं डोळे उघडले. वडील खुर्चीच्या काठावर आले होते. कुटाराचे भाव काय झालेत, ढोरं का विकावी लागली, त्यांच्या गावच्या ई-क्लासवर कोणी किती अतिक्रमण केलंय, सगळं निघालं. ढोरं चारू देता का? तीन वर्षं नाही, कापून नेऊ देतो. कापायचं कधी? बी पडल्यावर. "हे बराबर हाये," ते म्हणाले, आणि दोघं घरामागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये गवत बघायला जे गेले ते पाऊण तास आलेच नाहीत. पोहे निवले. मुलगी अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकलेली, ती आमच्या आईशी बोलत बसली. आईनं तिला फेलो म्हणजे काय ते समजावून सांगितलं, तिच्या पद्धतीनं.

दोघं परत आले तेव्हा भाच्याच्या पायाला नेहमीचं सगळं चिकटलेलं होतं. मुलीनं त्याच्या पायांकडे पाहिलं आणि दिवसभरातला एकच प्रश्न विचारला.

"हे मोजे कोण धुते?"

"आधी धुवत नाही," भाचेबुवा म्हणाले, "वेचून घेतो. बी आहे ते."

ताईनं कपाळाला हात लावला. मुलगी हसली की तिला तर्रीचा ठसका लागला, ते मला दारातून नीट दिसलं नाही. आठ दिवसांत कळवतो म्हणालेत. जाताना वडिलांनी एक कागदी पाकीट मात्र मागून नेलं.